वाट तिथं वळते

८ डिसें., सोम.
माझ्या हातचं, आजवर: गाठी मारलेली मापाची दोरी. सागाचा काटकोन. सुई चुंबकावर घासून, बुचात खोवून, ताटलीतल्या पाण्यात सोडलेलं होकायंत्र. आणि शाळेच्या पटांगणात, कोब्यावर, ऑइलपेंटनं अख्खा गाव. शिक्षण सातवी, धंदा वेल्डिंग. कुणी शिकवलेलं नाही.
बाई म्हणाल्या, भिंतीवर काढा, शोभेल. नको म्हटलं. भिंतीवर काढला की पोरं उत्तर आभाळात दाखवतात. तिसरीतल्या रुपालीनं आज तेच केलं. "वर असती ना, काका?" तिला ताटलीपाशी बसवलं. जमिनीवरच्या नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेलाच.

१० डिसें.
खेळ: आपल्या घरावर उभं राहायचं, वाटेनं शाळेत यायचं. ओढा, मारुती, गिरणी, सगळं बरोबर. मग म्हटलं, आता वाट सोडा, सरळ या. रुपाली निघाली. मळ्याच्या कोपऱ्यात वळसा घालून आली. मागची सगळी पोरं तशीच. तिथं मी काहीच काढलेलं नाही. कोरा कोबा.
"का गं वळलीस?"
"तितनं जायचं नसतं."
"कोण म्हणतं?"
"कुनी न्हाई. आमच्यात कुनी जातच न्हाई."
आक्काची विहीर. बुजवली तेव्हा मी दुसरीत होतो. या पोरांच्या आयांनीही पाहिली नसेल.
मग तीच म्हणाली, "काका, तितं काय न्हाई, तर तुमी वाट वाकडी का काढली?"

११ डिसें.
सकाळी मळ्यात गेलो. दोरी सरळ न्यायची, हे मीच पोरांना शिकवतो. माझाही पाय वळला. दोन्ही खेपांना.
जे दिसत नाही ते काढायचं नाही, हा माझाच नियम. पण...

१२ डिसें.
निळं वर्तुळ काढलं. शेजारी: बुजवलेली विहीर. नाव नाही लिहिलं. आक्का चौथीत होती. आधी घागर सापडली.
दुपारी आईला गाडीवर बसवून आणलं. घर सापडलं तशी हसली. "लई बारीक केलंस की रं!" मग वर्तुळाकडे सरळ गेली. ती एकटीच वळली नाही. खाली बसून तळहात टेकवला. रंग ओला होता. "हितंच हुती."
घरी आल्यावर म्हटलं, रॉकेल देतो, हात पूस. नाही पुसला.

१५ डिसें., सोम.
वर्तुळात भाकरीचा तुकडा. कुणी ठेवला, पोरं सांगेनात.
मळा आता तात्याच्या प्लॉटिंगमध्ये. आला, बघितलं, हसला. "काय वेल्डर मास्तर, माती टाकून बुजवली ती तुमी रंगानं उकरली व्हय! गिऱ्हाईक हे बघून पळंल ना." अख्ख्या पटांगणात पेव्हर ब्लॉक टाकून देतो म्हणतो, शाळेला फुकट.
बाई खाली बघत म्हणाल्या, "कमिटी ठरवेल, दादा."

१७ डिसें.
ब्लॉकचा ट्रॅक्टर फाटकाशी येऊन उभा. कमिटी शुक्रवारी.
रुपाली वर्तुळाच्या काठाशी. "आत कोन हाय, काका?"
सांगितलं. माझी बहीण. तुझ्याएवढीच.
विहिरीत डोकावतात तशी वाकली, दोन्ही हात तोंडाशी. "ओ आक्का!" मग सगळ्यांनीच. आणि आवाज परत यायची वाट बघत थांबली. मीही थांबलो.
तात्यानं मला एक काम देऊ केलं होतं, संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. त्याचं म्हणणं होतं: भिंतीवर नवा नकाशा मीच काढायचा, बाकी सगळं जसंच्या तसं, फक्त विहीर नको आणि वाट सरळ. चाळीस हजार देत होता.