तीस वॅट, सतत

बाबा, तुमची पेटी गप्प झाली. बंद पडली असं नव्हे. ती चालू आहे, दिवा लागलेला आहे, आवाजाचं बटण शून्यावर असो की अर्ध्यावर, स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू येत नाही. कालपासून ही गोष्ट कोणाला तरी क्रमाने, पहिल्या पायरीपासून सांगावी असं वाटतं आहे. घरात ऐकणारी माणसं आहेत, पण ती ‘झालं ना आता?’ म्हणून उठून जातात. पहिल्या पायरीपासून ऐकून घेण्याचा दम तुमच्यानंतर मी कोणात पाहिला नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुमची नात बेस गिटार वाजवते. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, आणि तुम्ही ऑर्केस्ट्रात हेच वाद्य वाजवायचात हे तिला कोणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिने आपणहूनच ते निवडलं. तिच्या कॉलेजच्या बँडचा कार्यक्रम काल दुपारी इथे मुलुंडच्याच सभागृहात होता. सरावासाठी ती तुमचीच पेटी वापरते, साकीनाक्याच्या कारखान्यात काम संपल्यावर थांबून तुम्ही स्वतःसाठी बांधलेली ती कॉम्बो. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच लाकडी खोक्यात, वर चामड्याची मूठ. गेल्या दसऱ्यापासून ती पेटी घरघरायला लागली होती. कोणी काही वाजवत नसतानाही खर्जातला एक अखंड ‘हूं’ खोलीभर पसरायचा. मी रोज ‘बघते’ म्हणत होते. अखेर परवा मुलीने निर्णय सुनावला.

“आई, उद्या दुपारपर्यंत झालं तर झालं. नाहीतर मी भाड्याने आणते आणि हा डबा भंगारात. सिरियसली. आणि तीस वॅट काय गं? माझ्या मित्राच्या पार्टी स्पीकरवर हजार लिहिलंय.”

पेटी भंगारात जाणार याची भीती होतीच. पण मनापासून सांगते, तो हजार वॅटचा आकडा ऐकून मला त्याहून जास्त स्फुरण चढलं. मी तिथल्या तिथे तिला बसवलं आणि तुमच्या शेठची गोष्ट सांगितली. साकीनाक्याच्या त्या गाळ्यात पत्रा कापण्याच्या आवाजात तुम्ही चाचणीच्या टेबलाशी बसलेले असायचात आणि मी शाळेतून येऊन तुमच्यामागच्या स्टुलावर. एकदा शेठ चकचकीत स्टिकरांचा गठ्ठा घेऊन आले. त्यावर तीनशे वॅट छापलेलं होतं.

“शेठ, ही तीस वॅटची आहे,” तुम्ही म्हणालात.

“अरे साहेब, समोरचा तीनशे लिहितो. आपण तीस लिहिलं तर गिऱ्हाईक काय आपली आरती करणार?”

“मग खाली बारीक अक्षरात लिहा, डोळ्याची पापणी लवेपर्यंत.”

शेठ पोट धरून हसले आणि स्टिकर चिकटवायला घेऊन गेले. तुम्ही मात्र वळून मला समजावलंत. गॅसचा भरलेला सिलिंडर क्षणभर उचलून दाखवणं वेगळं आणि तोच खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर पोचवणं वेगळं. जाहिरातीतला आकडा उचलून दाखवण्याचा असतो, खरा आकडा पोचवण्याचा. तो मोजायचा तर स्पीकरच्या जागी तेवढ्याच रोधाचा जाड रेझिस्टर जोडायचा, आत एक शुद्ध स्वर सोडायचा आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसणाऱ्या लाटेचे माथे चपटे व्हायला लागतात तिथे थांबायचं. त्या आधी जितकी शक्ती न थकता, न तापता मिळत राहते तेवढीच आपली. तुमच्या पेटीच्या मागच्या पत्र्यावर तुम्ही ठोकून कोरलेली अक्षरं मी मुलीला दाखवली: ‘तीस वॅट, सतत’. शिवाय कानाचा हिशेब निराळाच असतो हेही सांगितलं. शक्ती दहापट केली तर आवाज दहापट नव्हे, साधारण दुप्पट वाटतो. बेसचे खालचे स्वर भरपूर शक्ती खातात हे खरंच. पण सभागृहाचे मोठे स्पीकर वेगळे असतात, तिथे त्यांना पेटीतून एक वायर जाते, आणि पेटीचं काम फक्त वाजवणाऱ्याला स्वतःचा स्वर ऐकू येण्यापुरतं असतं. त्याला तीस वॅट पुरतात.

“बरं बाई, पुरतात,” ती म्हणाली. “पण घरघर? ती पण सततच आहे ना?”

घरघरीच्या बाबतीत मी तुमचा पहिला नियम आधीच मोडून बसले होते. आठवडाभरापूर्वी मी पेटी उघडून वीजपुरवठ्यातले दोन मोठे कपॅसिटर बदलून टाकले होते, कारण जुन्या पेट्यांमध्ये बहुधा तेच सुकलेले असतात. घरघर तसूभरही हलली नाही. घाटकोपरच्या आपल्या जुन्या घरात मी असाच एकदा रेडिओला स्क्रू-ड्रायव्हर लावला तेव्हा तुम्ही माझा हात धरला होतात. “ऐकण्याआधी उघडलंस? डॉक्टरने नाडी बघायच्या आधी पोट फाडलं तर चालेल तुला?” काल सकाळी मी ते वाक्य स्वतःलाच ऐकवलं, आणि पेटीसमोर फरशीवर मांडी घालून बसले.

आणि बाबा, काय आनंद असतो हो त्या ऐकण्यात! आधी गिटारची वायर काढली. घरघर तशीच. म्हणजे गिटारचा दोष नाही. आवाजाचं बटण शून्यावर आणलं. तरीही तशीच. म्हणजे बटणाच्या आधीचा सगळा भाग निर्दोष. चोर बटणाच्या पुढे बसला आहे. मग मुलीच्या हातात गिटार दिली, पण पेटीला न जोडता, आणि तुमची युक्ती काढली. बेसची सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली की सेकंदाला अठ्ठ्याण्णव कंपनं होतात. वीजपुरवठा बिघडला तर त्याची घरघर शंभराची असते. दोन्ही आवाज इतके जवळ आले की एकमेकांवर आपटून हेलकावे घेतात. बारीक तार छेडली, हेलकावे नाहीत. मग सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट ठेवायला सांगितलं. ती एकोणपन्नास कंपनांची, आणि भिंतीतून येणारी वीज पन्नासची. तिने तार छेडली आणि गिटारचं लाकूड पेटीला टेकवलं. वाँव... वाँव... वाँव. सावकाश, झोपाळ्यासारखा.

“आई! हलतंय! आवाज हलतोय!” ती किंचाळलीच.

म्हणजे हा पुरवठ्याचा बिघाड नव्हताच. भिंतीतली वीज जशीच्या तशी कुठून तरी आत झिरपत होती. मुलीने लगेच तोडगा सुचवला, “अर्थची पिन काढून टाकू या ना, स्टेजवर सगळे तेच करतात.” आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज बाहेर पडला. तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याला तुम्ही सगळ्यांदेखत झापलं होतंत ना, तेच शब्द: “अर्थ पेटीसाठी नसतो, वाजवणाऱ्यासाठी असतो. आवाज गेला आणि माणूसही गेला तर टाळ्या कोण घेणार?” तिने प्लगवरचा हात काढला. पण घड्याळ काही थांबत नव्हतं.

इतक्यात स्वयंपाकघरातून आईने हाक मारली. आई आता माझ्याकडेच असते आणि आमटी अजून स्वतःच करते. मी आत गेले. ती लाकडी डावाने आमटी ढवळत होती, आणि मला एकदम घाटकोपरचं स्वयंपाकघर दिसलं. ओट्याशेजारी ही पेटी उघडी पडलेली आहे. तुम्ही डावा हात पाठीमागे बांधून उभे आहात, कारण चालू पेटीत एकच हात घालायचा, म्हणजे झटका छातीतून आरपार जात नाही. कान स्पीकरकडे आहे. उजव्या हातात आईचा लाकडी डाव आहे आणि त्याच्या दांड्याने तुम्ही आतलं काहीतरी हळूहळू ढकलता आहात. आई म्हणते आहे, “तुमचा मेदुवडा तळून झाला असेल तर माझा डाव द्या. इथे आमटी लागतेय!”

मेदुवडा! पेटीतला ट्रान्सफॉर्मर अगदी तसाच आहे, गोल, मध्ये भोक, त्या भोकातून एकच बोल्ट. तुम्ही बोल्ट सैल करून तो वडा जागच्या जागी फिरवत होतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या माझ्या वर्गात मी हेच शिकवते, की अशा गोल ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सहसा आतच राहतं, पण तारा बाहेर पडतात त्या बाजूने थोडंसं गळतं, आणि ते शेजारच्या नाजूक वायरीत शिरलं की घरघर होते. म्हणून कान लावून फिरवत राहायचं आणि सगळ्यात शांत कोन सापडला की तिथेच बोल्ट आवळायचा. तो कोन दिसायला कसाही असो. तुमचा कोन फार विचित्र होता. तारा भलत्याच बाजूने निघून अर्धा वळसा घालून यायच्या.

आणि दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना मी काय केलं होतं, ऐका. तुमची कैची, मीटर, सोल्डरिंगची कांडी पुसली, पेटीही उघडून धूळ झटकली, झेंडूचं फूल वाहण्याआधी तो वेडावाकडा वळसा नजरेला खुपला म्हणून बोल्ट सैल केला, वडा फिरवून तारा सरळ रेषेत आणल्या आणि छान बांधून टाकल्या. देवापुढे नीटनेटकं दिसावं म्हणून! त्या संध्याकाळपासून घरघर सुरू झाली होती, आणि मी महिनोन् महिने कपॅसिटरना दोष देत होते.

मी आईच्या हातातून डाव घेतला, धुतला, खसखसून पुसला.

“अगं, आमटी!” आई ओरडली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तूसुद्धा? घे बाई, घे. बापाचीच लेक.”

बोल्ट सैल केला, वीज चालू केली, डावा हात पाठीमागे. दांड्याने वडा अंगठ्याएवढा सरकवला. घरघर वाढली. उलट्या दिशेला सरकवला. ती पातळ झाली. आणखी थोडा. मुलगी स्पीकरला कान लावून बसली होती आणि बोटाने खुणा करत होती, अजून, अजून, थांब, मागे, मागे, बस. आणि मग खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. वीज बंद करून मी बोल्ट आवळला आणि आत पाहिलं, तर तारा पुन्हा त्याच भलत्या बाजूने निघून अर्धा वळसा घालून येत होत्या. तुमच्या जागेवरून.

“झकास!” मुलगी म्हणाली आणि त्या तिरप्या तारांचा तिने फोटो काढला. भंगाराचा विषय निघाला नाही. पेटी रिक्षात मांडीवर घेऊन ती स्वतःच सभागृहात गेली.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. ते टाकायचं नाहीच. लिहून झाल्यावर पेटीवर ठेवावं असं क्षणभर वाटलं, पण पेटीवर काही ठेवलेलं तुम्हाला खपत नसे. वाजवताना वरची वस्तू खडखडते आणि माणूस बिघाड आत शोधत बसतो. तेव्हा टेबलाच्या खणात जाईल. फक्त एक सांगायचं राहिलं. घरी आल्यावर मुलीने विचारलं, कसं झालं गाणं? मी म्हटलं, फार सुंदर. खरं म्हणजे मला त्यातलं काहीच आठवत नाही, बाबा. गाण्यात मध्ये मध्ये सगळे थांबायचे, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून, पेटीकडे कान लावून, तेवढ्याच जागा ऐकत होते.