चार काळे प्लग

३ मार्च, मंगळवार

पुन्हा गाडीचे स्पार्क प्लग गेले! ऑक्टोबरात घातलेले, चारही. गॅरेजवाला म्हणतो, "ताई, होतं असं कधीकधी." कधीकधी! ते बरं माझ्याच गाडीत होतं. कुणाचे तरी जुने काढून, पुसून माझ्या गाडीत ढकलले असणार. कुठंतरी पाणी मुरतंय.

आईची ट्रीटमेंट शहराबाहेरच्या हॉस्पिटलात. मंगळवार-शुक्रवार, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. बाबा नेतात. गाडी हायवेवर बंद पडली तर? एकही खेप चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय.

४ मार्च, बुधवार

प्लग मीच निवडले. आटे, लांबी, नंबर विचारून दुकानदाराला भंडावलं. खोक्यावरची छपाई भिंगातून पाहिली – नकली असतात म्हणे. तो वैतागला. "बाई, प्लग घेताय की जावई बघताय?" मग म्हणाला, "गाडी फिरते कुठे?" हायवेला, म्हटलं. "मग हे घ्या. लांब पल्ल्याचे, जास्त न तापणारे."

चारींवर कानशीने बारीक खूण केली. गॅरेजवाल्याच्या डोक्यावर उभी राहून बसवून घेतले. आता बदल म्हणावं!

२४ मार्च, मंगळवार

गाडी परत मिसिंग मारतेय, धक्के खात चालते.

२५ मार्च, बुधवार

गॅरेजमध्ये प्लग उघडले. माझ्या खुणा जागच्या जागी! म्हणजे चोर तो नाही. त्याने एक प्लग उजेडात धरला. "ही काजळी बघा. ही गाडी हायवेला जातच नाही. इंजिन तापायला तर हवं! नुसती उभी राहून घुरघुरतेय."

मीटर गॅरेजच्या गेल्या वेळच्या बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. तीन आठवड्यांत एकतीस किलोमीटर.

संध्याकाळी बाबांना विचारलं, काल हॉस्पिटलात गर्दी होती? "होती की, नेहमीसारखी." पेपरातून मान वर नाही. आई टॉवेलच्या घड्या घालत राहिली. बाबा खोटं बोलतात! गाडी कुणाला देतात? आणि आईला कुठे बसवून ठेवतात?

२६ मार्च, गुरुवार

हॉस्पिटलला फोन केला. आई जानेवारीपासून तिथे गेलेलीच नाही. बाबांचा इतका राग कधी आला नव्हता.

२७ मार्च, शुक्रवार

रजा टाकली, स्कूटरवरून पाठलाग केला. स्वतःच्या आईबापांचा! दीड किलोमीटरवर, पाण्याच्या टाकीमागच्या तळ्याशी गाडी थांबली. काचा बंद, एसी चालू – आईला उकाडा सोसत नाही हल्ली. सीट मागे पाडून आईचे पाय डॅशबोर्डवर! बाबांच्या हातात पेन्सिल, मांडीवर शब्दकोडं. आणि आई हसत होती. चांगली डोळे पुसून पुसून.

तासभर झाडाआड होते. शेवटी तिनेच आरशात पाहिलं. काच खाली केली. "उन्हात काय उभी राहिलीस? ये आत."

मी बाबांवर तोंड सोडणार, तेवढ्यात म्हणाली, "त्यांना बोलू नकोस. बंद मी केलंय. सुयांना कंटाळले गं. तुला सांगितलं असतं तर तू मला परत नेलं असतंस."

नेलंच असतं! ओढत नेलं असतं. बाबा नुसते स्टिअरिंग धरून बसलेले. मला रडू आलं, पण राग काही गेला नाही.

३० मार्च, सोमवार

प्लगच्या दुकानात गेले. खरं ते सांगितलं – गाडी कुठे जात नाही, उभ्या-उभ्या चालू असते, आणखी किती दिवस ते माहीत नाही. त्याने थट्टा केली नाही. लवकर तापणारे, काजळी जाळून टाकणारे चार प्लग काढून दिले.

मंगळवार-शुक्रवारच्या रजा टाकल्यात. मागच्या सीटवर मी.