लिहून देणार, लिहून घेणार

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार (गुडघा आखडल्यामुळे तो सध्या कागदावरच घालतो आहे). आपली पाठ आणि ताईची दाढ आता कशी आहे? आम्ही मजेत. बदलीवर जाताना आपण विकण्यासाठी माझ्या स्वाधीन केलेली स्कूटर उत्तम आहे. फक्त कागदोपत्री ती आता तुमची राहिलेली नाही. घाबरू नका, विकलीही गेलेली नाही. सविस्तर लिहितो.

जुन्या गाड्यांच्या दुकानदाराकडे गेलो. गाडी त्याच्याकडे ठेवायची, त्याने गिऱ्हाईक गाठायचं आणि दलाली कापून उरलेले पैसे आपल्याला द्यायचे, असा साधा व्यवहार. त्याने छापील करारनामा पुढे सरकवला. दाजी, त्यात पहिल्याच ओळीत ‘वाहन’ऐवजी ‘वहाण’! म्हटलं, अहो, स्कूटर विकताय की चप्पल? (आपल्याला ठाऊकच आहे, मी शाळेत फार रमलो नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ स्वतःच्या हिमतीवर शिकलो आहे.) तिथेच मांडी ठोकली आणि सगळा करारनामा माझ्या अक्षरात, शुद्ध करून उतरवला. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशा दोन जागा कोऱ्या होत्या. लिहीत कोण होतं? मी. लिहून देत कोण होतं? मीच. तिथे माझं नाव घातलं, घेणार म्हणून त्याचं. त्याने दोनदा वाचलं, मिशीवर हात ठेवला आणि विचारलं, “काका, हे असंच राहू द्यायचं?” मी ठणकावलं, “एक काना इकडचा तिकडे होणार नाही!” त्याने सही ठोकली.

संध्याकाळी तो स्कूटर ढकलत आमच्या दारात हजर. “काका, ही माझी गाडी. कराराप्रमाणे सांभाळा.”

मग कलमं वाचली. (उतरवताना मी शब्द पाहत होतो, अर्थ नव्हे. दोन्ही एकदम कसं पाहणार?) लिहून देणाराने गाडी सावलीत ठेवावी, रोज पुसावी, स्वतः फिरवू नये. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं, पाणी विचारावं. महिनाअखेर विकली न गेल्यास लिहून घेणाराकडून स्वतः विकत घ्यावी. म्हणजे दुकानदार मी, मालक तो! रोज सकाळी येतो, मडगार्डवर बोट फिरवतो आणि धूळ मला दाखवतो. आपली वहिनी म्हणते, “घरात कधी कुणाशी धड बोलला नाहीत, आणि परक्याला पाणी विचारायचं लेखी देऊन आलात?”

एक गिऱ्हाईक आलंही होतं. मी पाणी दिलं, गोड बोललो आणि गोड आवाजातच किक बसत नाही, हॉर्न आपोआप वाजतो, सीटखाली उंदराने संसार थाटला होता, हे क्रमवार सांगितलं. माहिती अर्धवट देणं मला जमत नाही. पाणी अर्धं टाकून गेलं.

आपला आज्ञाधारक (आणि सध्या करारबद्ध) मेहुणा

ता. क. महिनाअखेर जवळ आली आहे. गाडी आपल्या ओळखीची, तिच्या खोडी आपल्याला पाठ. तेव्हा आपणच विकत घेतली तर? मेहुणा या नात्याने दलाली निम्मी घेईन.

ता. क. २. सोबत विक्रीपत्र जोडलं आहे, स्वतः तयार केलेलं. या खेपेला चूक नाही. पैसे देणार आपण, म्हणून ‘लिहून देणार’ही आपणच. खूण केलेल्या जागी सही करावी.

ता. क. ३. भावोजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी. विक्रीपत्रात लिहून देणार म्हणजे विकणारा. डोळे मिटून सही करा. गाडी हे विकत घेताहेत, पैसे तुम्हालाच मिळतील. दुकानदारांनी तो करारनामा केव्हाच फाडून माझ्या हातात दिलाय, सकाळी येतात ते नुसती गंमत बघायला. पण यांना एवढ्यात कळवू नका. काल जेवताना यांनी मला पाणी विचारलं.