परण्याची टेप

११ मे २००३, रविवार

सासुरवाडीला लग्न. सुनंदाच्या चुलतभावाचं, अमोलचं. शूटिंग माझ्याकडंच, घरचा जावई म्हणून. सकाळी हळद, साखरपुडा, जेवणावळी. दु. ४ ला परण्या निघाला, मारुतीला जायची मिरवणूक. नवरदेव घोड्यावर, पुढं दौंडचा बँड. ऊन अजून भाजत होतं.

मारुतीच्या देवळापाशी भांडण. अमोलचा थोरला भाऊ बंडू आणि त्याची चार-पाच पोरं, तेच गाणं परत वाजवा म्हणत होती. पाचव्यांदा. बँडच्या गाडीवरचा कीबोर्डवाला पोरगा म्हणाला, "दादा, मुहूर्त टळतोय, भटजी वरडाय लागलेत." आणि त्यानं वायर काढली. एवढंच. बंडूनं त्याला गाडीवरून खाली ओढलं.

पुढचं लिहवत नाही. टेपवर आहे.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. मी तेही शूट केलं.

१२ मे, सोमवार

शिरूर. माझं फोटो-शूटिंगचं दुकान उघडून टेप कॉम्प्युटरवर उतरवायला लावली. हळद गेली, जेवणं गेली. परण्या आला तसा उठून चहा प्यायला गेलो. परत आलो तर चालूच होतं. मग बघितलं.

भर उजेडातलं आहे, सगळं स्वच्छ दिसतंय. बंडूच्या हातात कीबोर्डचा लोखंडी स्टँड. पोरगा उताणा, हात छातीशी घेऊन. "दादा, बोटं नको. बोटं नको." मग मागून कुणीतरी त्याचे दोन्ही हात धरून ताणतो. अंगात कंपनीचा निळा शर्ट. तो तोंड वर करतो. पोपट. सुनंदाचा धाकटा भाऊ. माझा मेहुणा. जीभ दातात धरलेली, बैलाला औषध पाजताना धरतात तशी.

बंडू बोटांवर मारतो. मग डोक्यात. मग देवळाच्या पायरीवर डोकं.

चित्र कुठं हललेलं नाही. माझ्या हातात कॅमेरा होता आणि तो हललेला नाही.

१४ मे, बुधवार

पोरगा पुण्याच्या हॉस्पिटलात वारला. मिलिंद नाव. बावीस वर्षांचा. गावानं जबाब दिलाय, पिऊन गाडीवरून पडला. सगळ्यांनी एकच सांगितलं, तसंच लिहून घेतलं.

दुपारी पोपट आला. रांजणगावला सेकंड शिफ्टला जाता जाता. तोच निळा शर्ट.

"दाजी, मी फक्त हात धरले. मारलं न्हाई मी."

"धरलेस म्हणून त्याला मारता आलं."

त्यानं माझी कॉलर पकडली, भिंतीवर आपटलं. काउंटरवरचे फ्रेमचे नमुने खाली पडले, एक काच फुटली. मग तिथंच खाली बसून ढसाढसा रडला. "कंपनीत पर्मनंट व्हायचंय दाजी. तीन म्हयने राह्यलेत."

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, पोरगं त्या समाजाचं व्हतं. ॲट्रॉसिटी लागंल, तुमचा मेव्हणा आत जाईल. गावची गोष्ट गावात राहू द्या."

मी म्हणालो, "व्हय, मामा."

व्हय म्हणालो.

१७ मे, शनिवार

मिलिंदचा थोरला भाऊ सिद्धार्थ दुकानात आला. दौंडला टेम्पो चालवतो. बँडमालकानं त्याला सांगितलं, शूटिंग चालू होतं म्हणून. आवाज चढवला नाही, काही नाही.

"आईला बघायचंय. आमच्याकडं कॉम्प्युटर न्हाई, पण टीव्ही हाय. तुमी गिऱ्हाइकाच्या घरी कॉम्प्युटर आणून टीव्हीला लावता, असं कळलं."

खरं आहे. मागल्याच महिन्यात टीव्हीला जोडायचं कार्ड बसवून घेतलंय. मॉनिटर वागवावा लागत नाही. नुसता कॉम्प्युटरचा डबा नेला की लोक आपल्या टीव्हीवर बघून फोटो, गाणी निवडतात.

मंगळवारी येतो म्हणालो.

१८ मे, रविवार

खरं तर कॅमेराच टीव्हीला लावता येतो. एक वायर, बस. कॉम्प्युटर न्यायची गरजच नाही. पण मग टेप अख्खी दिसणार. कॉम्प्युटरवरून लावलं तर मला पाहिजे तेवढीच.

पोपटचं तोंड अकरा सेकंद आहे. कापलं. काही वेळ लागला नाही.

सुनंदाला अजून काही सांगितलेलं नाही. ती विचारते, पोपट का आला होता?

२० मे, मंगळवार

डबा गोधडीत गुंडाळून गाडीला बांधला. दौंडला पोचायला साडेदहा. रेल्वेच्या पलीकडं दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली स्टुलावर मिलिंदचा, ताजा हार. त्याचा कीबोर्ड काळ्या कव्हरात कोपऱ्यात उभा. आईनं पाणी दिलं. पन्नाशीची असेल. डोळे कोरडे.

टीव्ही भिंतीपासून पुढं ओढला, मागं पिवळी वायर लावली, डबा चालू केला. चित्र आलं, पण काळं-पांढरं.

सिद्धार्थ म्हणाला, "आमचा टीव्ही रंगीत हाय."

"असू द्या ना, सगळं दिसतंय की."

"रंगीत लावा."

कार्डाची सेटिंग बदलावी लागते, आपल्याकडच्या टीव्हीला वेगळी असते. बदलली. रंग आले. बँडचा लाल डगला, सोनेरी झालर. आई पुढं सरकली.

"आवाज कुठाय?"

आवाजाची वायर वेगळी असते. माझ्या पिशवीत होती. म्हणालो, "आणायची राहिली."

 ती पिशवीकडं बघत राहिली. वायर चेनमधून बाहेर लोंबत होती. मी काढली आणि लावली.

"दादा, बोटं नको."

तिनं तोंडावर पदर घेतला नाही. टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून बघत राहिली. स्टँड खाली येताना दर वेळी तिची मान थोडी मागं जायची, तेवढंच. सिद्धार्थ उठला, भिंतीवर मूठ आपटली, सालपटं निघाली, परत आपटली. शेजारची बाई दारात आली आणि मागं फिरली.

जिथं कापलंय तिथं चित्र उडालं. सिद्धार्थ म्हणाला, "इथं कायतर गेलं."

"टेप खराब हाय तेवढी."

आई म्हणाली, "माघारी घे."

घेतलं. उडालेल्या जागेच्या जरा आधी, कडेला, निळ्या बाह्या दिसतात. दोन हात, मिलिंदची मनगटं धरलेले. तोंड नाही. ते माझ्याकडून राहिलं होतं.

तिनं टीव्हीच्या काचेला बोट लावलं. "हे हात कुणाचे?"

"दिसत न्हाई, मावशी."

"हे हात नसते तर माझा सुटला असता. पळायला लय हुशार व्हता." मग माझ्याकडं वळली. "तू कुठं व्हतास?"

"समोर. पंधरा-एक फुटांवर."

"तुझा हात लय थिर हाय रे."

सिद्धार्थनं मला काही केलं नाही. दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, "मूळ टेप पायजे. कोर्टात लागंल."

म्हणालो, त्या टेपवर दुसरं लग्न शूट झालं, पुसली गेली.

त्यानं डबा गोधडीत गुंडाळून गाडीला बांधायला मदत केली.

२१ मे, बुधवार

सुनंदाला सांगितलं. म्हणाली, मला दाखवा. न कापलेलं. घरच्या टीव्हीला लावलं. तिनं पोपटला बघितलं. बघताना आपलंच मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं होतं, नखं रुतली.

म्हणाली, "ह्याला मी कडेवर वागवलाय."

मग मोरीत जाऊन उलटी केली. परत येऊन टेप मागून घेतली. "ही माझ्यापाशी राहू द्या. तुमच्यापाशी नको. तुमी परत कापाल."

टेप कापता येत नाही असं तिला सांगत बसलो नाही.

२४ मे, शनिवार

सु. काल माहेरी गेली होती. पोपटनं स्वतः होऊन हजर व्हावं, असं सांगायला. आज दुपारी परत. खालचा ओठ फाटलेला, डाव्या कानामागचे केस मुळासकट गेलेले, तिथं रक्त वाळलंय. पाठीवर पट्ट्याचे वळ. मोजले नाहीत.

"कुणी?"

"बापानं."

"आणि पोपट?"

हळद लावून घेत होती. थांबली. "पोपटनं हात धरले."

मी पान्हा घेऊन बाहेर निघालो. तिनं दारात आडवी होऊन ढकललं मला. "तवा न्हाई गेला पुढं, आता कुठं चाललाय?"

पान्हा ठेवला.

२६ मे, सोमवार (हे नंतर लिहिलंय, डाव्या हातानं)

दु. १२. दुकानात एकटा. बंडू आणि दोघं. एकाच्या हातात टॉमी, टायरवाल्याकडची लोखंडी सळई. शटर अर्धं ओढलं.

"टेप कुठंय?"

"पुसली."

"दौंडला टीव्ही लावून दावतोस व्हय रं? जावई म्हणून गप बसलो व्हतो."

पहिला घाव डब्यावर. पत्रा आत गेला. मग आतलं सगळं बाहेर ओढून फरशीवर आपटलं, हार्ड डिस्कवर टॉमी पाच-सहा वेळा. हिरव्या पट्टीचे तुकडे माझ्या तोंडावर उडाले. मॉनिटर फुटला तेव्हा बॉम्बसारखा आवाज झाला. बाहेर पलीकडच्या सलूनचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या दुकानाचं.

"शूटिंगचा हात कुठला?"

मी सांगितलं नाही. त्यांनी उजवा धरला. काउंटरवर पालथा ठेवला. मी बोटं मिटून घेतली, ती एकेक उघडली. तोंडातून काय निघालं ते मला माहीत आहे. त्या पोरानं जे म्हटलं तेच. शब्द न् शब्द.

बंडू हसला नाही. घाम आला होता त्याला. म्हणाला, "मला बी मजा वाटत न्हाई." आणि मारलं.

२९ मे, गुरुवार

हॉस्पिटलात. तीन बोटं आणि मनगट मोडलंय. प्लास्टर. करंगळी परत सरळ होणार नाही म्हणतात.

हवालदार जबाब घ्यायला आला होता. कोण होते? मी छताकडं बघितलं. तोंड बांधलेलं होतं, ओळखलं नाही, म्हणालो. सु. पलंगाच्या पायथ्याशी उभी. त्याला सोडायला दारापर्यंतही गेली नाही.

मग माझ्याशी बोलली. एकच. "गावातले बी असंच म्हणाले. पडला म्हणून."

३१ मे, शनिवार

घरी. पोपट येऊन गेला. उंबऱ्याबाहेरच उभा. "दाजी, मी त्यांच्यात नव्हतो. शप्पत." सु. आतून आली आणि त्याच्या थोबाडीत मारली. परत मारली. तो हात खाली सोडून उभा राहिला, अडवलं नाही. तिचाच हात दुखला. मग त्याला म्हणाली, "भाकरी खाऊन जा."

तो खाली मान घालून जेवला. मी पण.  जाताना तिच्या पायाला हात लावायला वाकला, तिनं पाय मागं घेतले.

२ जून, सोमवार

सकाळी उठलो तर सु. नाही. चुलीवर चहा झाकलेला. कॅमेरा घरीच होता म्हणून वाचला होता, तो नाही. टेप नाही.

दुकानापलीकडच्या सलूनवाल्याला विचारलं. त्या दिवशी ज्यानं शटर ओढलं तोच. माझ्या हाताकडं न बघता म्हणाला, "वयनी आठच्या न्हावऱ्याच्या गाडीत बसल्या. पिशवी मांडीवर व्हती."

न्हावऱ्याला गाडी बदलावी लागते. तिथून दौंडला जाता येतं, तिच्या माहेरालाही. तिचं नेमकं काय चाललंय डोक्यात, मला कळत नाही. बारा वर्षं झाली लग्नाला. दौंडला गेली तर भाऊ आत जातो. माहेरी गेली तर, एक तर टेप चुलीत, नाही तर सगळ्या वाड्यावस्तीसमोर बापाच्याच टीव्हीला. ती हेही करू शकते. तिथं तिला कोण धरील, हे मला माहीत आहे.

डाव्या हातानं शर्ट घालायला पाव तास लागला. बटणं दोनच लागली. गाडी चालवता येत नाही. साडेअकराची एस.टी. आहे.

तिकीट न्हावऱ्याचं काढतो. पुढचं तिथं उतरून, स्टँडवर कुणाला तरी, ती कुठल्या गाडीत बसली ते विचारून काढीन.