पुसलेली तार

५ एप्रिल
चौथा दिवस, वणवा अजून आटोक्यात नाही. तळावर सगळ्यांची तोंडं काळी, शर्ट पांढरा फक्त साहेबांचा — 'आपण' आग विझवतोय, असं रोज येऊन सांगतात!

धाकट्या मेहुण्यानं आज पाण्याच्या नऊ फेऱ्या मारल्या. तळावर त्याला 'बुटक्या' म्हणतात. उंची सहा फूट, पण विमान झाडांच्या शेंड्यांना गुदगुल्या करत नेतो. नियम शेंड्यांपासून दीडशे फुटांचा. म्हटलं, नियम वाचलायस का कधी? म्हणाला, "भावोजी, वरून सोडलं तर पाण्याची वाटेतच वाफ होते. आगीवर काय अत्तर शिंपडायचं?"

६ एप्रिल
माझं खातं नकाशाचं. दऱ्यांवरून गेलेली प्रत्येक तार लाल पेन्सिलीनं काढायची. धुरात तार दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हे उडणारे लोक स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या पेन्सिलीवर जास्त विसंबतात. घरात एवढा मान नाही मला.

आज वीजवाल्यांचं पत्र हाती लागलं — उत्तरेच्या दरीवरची तार पाच तारखेपर्यंत काढण्यात येईल. आज सहा. पुसून टाकली. प्रत्यक्ष बघून मगच पुसायची असा नियम आहे, मीच लिहिलेला. पण जीप नव्हती, गुडघा ठणकत होता आणि पत्रावर शिक्का होता! मेहुण्यानं विचारलं, बघून आलात का? म्हटलं, आलो. उगाच फाटे नकोत.

८ एप्रिल
तो गेला.

उत्तरेच्या दरीत, सकाळी साडेदहाला. खालचे जवान रेडिओवर सांगत होते, अजून खाली ये, पाणी वाऱ्यावर जातंय. 'येतो' म्हणाला. मग काहीच नाही.

ही ओटा पुसत होती. तुझा भाऊ गेला, म्हणून सांगितलं. पुसतच राहिली.

९ एप्रिल
तार तिथंच होती. वणव्यामुळे वीजवाल्यांची माणसं दरीत उतरलीच नव्हती. पत्र खरं, तारीख खरी, शिक्का खरा. तारेनं तेवढं पत्र वाचलं नव्हतं.

तळावर जाऊन नकाशावर ती पुन्हा लाल केली. पुढच्यांसाठी, असं स्वतःला सांगितलं. कुणी बघितलं नाही.

१२ एप्रिल
तपासाला दोघे आले. नकाशा पाहिला, लाल रेघ पाहिली, माना डोलावल्या. निष्कर्ष तयार — वैमानिकाची बेफिकिरी, नियमापेक्षा कमी उंची. 'बुटक्या' हे नावही कुणीतरी लगेच पुरवलं त्यांना! जन्मभर साऱ्या जगाला टोमणे मारले मी. आज त्यांच्याबरोबर मान डोलावली.

घरी सासूबाई म्हणत होत्या, लहानपणापासून तसाच, कुणाचं ऐकेल तर शपथ. पोराला जाऊन चार दिवस, आणि दोषही त्याच्याच पदरात घालून मोकळ्या झाल्या.

हिनं एवढंच विचारलं, "तुमच्या नकाशात ती तार होती ना?"

"होती."

१९ एप्रिल
त्याच्या वस्तू आल्या, एका खोक्यात. घड्याळ. एकच हातमोजा. उडताना मांडीवर बांधायचा त्याचा स्वतःचा नकाशा, कडा करपलेला. हिनं तो टेबलावर पसरला. उत्तरेच्या दरीवरच्या तारेवर त्यानं फुली मारली होती. शेजारी त्याचं तिरकं अक्षर — 'काढली. भावोजी स्वतः बघून आले. ६ एप्रिल.'

ही कितीतरी वेळ वाचत होती. एवढंसंच तर लिहिलं होतं. मग जुन्या घड्यांवरच नीट घडी घातली. वाटलं, आता ओरडेल.

"आई बाहेर बसलीय," ती म्हणाली, "हळू बोला."

मी काही बोललोच नव्हतो.

२० एप्रिल
हिनं तपासवाल्यांना फोन लावला. त्यांच्या कार्डावरचे आकडे बारीक, हिचा चष्मा सापडेना. मी वाचून दाखवले.