सात ठिपक्यांचा काचेचा किडा

प्रिय ठकू,

तुझा निरोप दादानं परवा पोहोचवला. बर्नर, चिमटे, काचेच्या कांड्या, तुझी सगळी पेटी ज्याला हवी त्याला देऊन टाकायची. तीन वर्षं नुसती धूळ खात पडलीय म्हणे. तुझा बाप माझा सख्खा भाऊ असला तरी निरोप सांगताना अगदी पोस्टमन होतो, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी 'बरं' म्हणाले. पण पेटी अजून दिलेली नाही. आधी हे पत्र वाच, मग कळव.

इथलं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण माझं काम बसून करायचं, त्यामुळे त्यांचं ऐकतंय कोण! संग्रहालयातल्या किडेवाल्या बाई आठवतात ना, गळ्यात भिंग अडकवून फिरणाऱ्या? त्या पुन्हा आल्या होत्या. त्यांना तोच लेडीबग हवा होता, सात ठिपक्यांचा, तळहाताएवढा, पंख जरासे उघडलेला. झाडांवरचा मावा फस्त करणारा हा एवढासा किडा मुलांना नीट बघता यावा, म्हणून काचेचा. आल्या आल्या त्यांनी तुझीच चौकशी केली. ती आता चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये भिंगं बसवते म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला.

मग म्हातारीनं कंबर कसली. काय सांगू, नाकी नऊ आले! लाल काच जरा जास्त तापली की काळपट पडते, कमी तापली तर ठिपका धरत नाही. त्यात तो मधला ठिपका, अर्धा एका पंखावर नि अर्धा दुसऱ्यावर. माझ्या पहिल्या किड्याचे दोन अर्धे एकमेकांकडे पाठ फिरवून बसले, भांडलेल्या जावांसारखे. दुसऱ्याचा पाय निखळला. तिसऱ्याला बाईंनी भिंग लावलं आणि हळूच म्हणाल्या, छान आहे, पण जरा बटाट्यासारखा दिसतो. बटाटा! चाळीस वर्षं ज्योतीपुढे बसून हे ऐकायचं. चौथा काल जमला. बरा आहे. तुझ्यासारखा नाही.

तीन वर्षांपूर्वी तुझा किडा तू एका बैठकीत केला होतास. सहाही पाय, दोन्ही पंख, ओठ दाताखाली धरून. मध्ये चहासुद्धा प्यायली नाहीस. काच हळूहळू निववायच्या भट्टीत ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दार उघडायचं नाही असं मलाच बजावून सकाळी खोकी आणायला गेलीस. मला हसू आलं, कारण हे तुला मीच शिकवलेलं. गरम काचेला गार वारा लागला की ती तडकते, हे मी किती जणांकडून घोकून घेतलंय. दुपारी तू दार उघडलंस, तर डावा पंख तुटून पडलेला. मी घाईघाईनं तुकडे फडक्यात गुंडाळले आणि म्हणाले, सांधा कच्चा राहिला असेल. तू रडली नाहीस, फक्त आपलेच हात उलटसुलट करून बघत बसलीस. महिन्याभरात चष्म्याच्या दुकानात लागलीस.

पेटी द्यायची तर खुशाल देईन, पण खोट्या कारणापायी नाही, म्हणून हे लिहायला बसले. त्या सकाळी तू कोपऱ्यावरून वळलीस आणि मला धीर धरवला नाही. कसा झालाय ते बघायचं होतं, एकदाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान! दार चार बोटं उघडलं. किती सुंदर होता गं! बघतच राहिले. मग आतून 'टिक' असा आवाज आला आणि मी दार लावून टाकलं. नंतर मूग गिळून बसले. लाज वाटली हे खरं, पण त्याहून वाईट ते सांगते. तू स्वतःला दोष दिलास तेव्हा, पोरगी अजून आपल्यापुढे गेलेली नाही असं वाटून मला घटकाभर बरं वाटलं. त्या घटकेची मला फार शरम वाटते. रागाव, बोलू नकोस, यायलाही नको. फक्त एवढं ऐक. ते तुकडे मी नंतर उजेडात धरून पाहिले, एकदा नव्हे, शंभरदा. काच सांध्याच्या शेजारी तडकलीय, ठकू. तुझा सांधा जसाच्या तसा आहे.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
आत्या