पहिला मासा

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, संध्याकाळचे सात पन्नास. बादलीत समुद्री मीठ विरघळवत बसलो आहे.

मासा वर येऊन धापा टाकतो आहे. नव्या खाऱ्या टाकीत अमोनिया शून्यावर येईपर्यंत मासा सोडायचा नाही, हे मी वाचलं होतं. तरी सोडला. चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, शोभेच्या माशांच्या दुकानाचे काका माझ्या टाकीचं पाणी तपासून म्हणाले, "बिनधास्त ने." जयपूरमध्ये मराठी बोलणारा दुकानदार, म्हणून मी त्यांच्या हातातली तपासणीची नळी बघितलीसुद्धा नाही. आज घरी तपासलं. अमोनिया नसता तर रंग पिवळा आला असता, आला गडद हिरवा.

लगेच फोन केला. काका हसले. "अरे, पहिला मासा नव्या टाकीचं पाणी मुरवायलाच असतो. गेला तर दुसरा देतो, आपल्या माणसाला अर्ध्या भावात."

"मतलब, तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत असतं, बाळा."

मला नव्हतं. एखाद्या भैयाच्या दुकानात असतो, तर नळी मागून बघितली असती ना?

अजून धापा टाकतोच आहे. मीठ विरघळलं की अर्धं पाणी बदलतो.

खर्च: टाकी, मीठ, दगड मिळून ७,४००, मासा ६५०. देणं: आईचे २,०००. काकांचं काही नाही.